चावीवाल्याबरोबर जंगलात

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसापुढे बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं नाव काढलं की तो नाक मुरडतो. तिथं काय आहे? वनराणी या छोट्या आगगाडीत बसा, सफारीच्या बसमधून वाघ बघा, डबा खा, घरी या. आमच्या जुन्या कंपूत तर ‘पार्कात जाऊन आलो’ हे कुणी ट्रेक म्हणून सांगितलं तर हशा व्हायचा. किल्ला नाही, घाटवाट नाही, दोर नाही. पहाटेच्या पॅसेंजरची धावपळसुद्धा नाही; उपनगरातल्या स्टेशनवर उतरायचं आणि रिक्षानं फाटकापाशी जायचं.

ज्या घरात सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा भाचा आणि गुडघ्याचं दुखणं असलेले आजोबा असा संच आहे, त्या घराला नेमकं हेच हवं असतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, दोन मोठे तलाव, हजार वर्षं नांदती राहिलेली लेणी, आणि कुठल्याही क्षणी ‘पुरे आता’ म्हणून मागे फिरायची सोय. मुलांबरोबरच्या भटकंतीत ही मागे फिरायची सोय शिखरापेक्षा मोलाची.

बाबांविषयी आधी सांगायला हवं, कारण हे जंगल मी बघते ते बरंचसं त्यांच्या डोळ्यांनी. ते महापालिकेच्या जलखात्यातून निवृत्त झाले, चावीवाले होते. मुंबईबाहेरच्यांना हे पद ठाऊक नसेल. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी दिवसभर येत नाही, ज्या त्या भागाला ठरावीक वेळी येतं. त्या वेळी कुणीतरी रस्त्यावरचं झाकण उघडून, लांब दांड्याची लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवत असतो. एका गल्लीचा बंद, दुसरीचा सुरू. बाबांनी उभी नोकरी हे केलं, पहाटे, पावसात, गणपतीच्या मिरवणुकीतून वाट काढत. आजही जुलै उजाडला की ते रोज सकाळी तलावांची पातळी बघतात आणि कालनिर्णयच्या चौकटीत बारीक अक्षरात टिपून ठेवतात. ‘तुळशी तलाव भरून वाहू लागला’ ही बातमी आली की त्या दिवशी घरात काहीतरी गोड होतं. आईनं हा पायंडा कधी पाडला ते कुणालाच आठवत नाही.

तुळशी म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला सगळ्यांत धाकटा. क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर. त्याचा शेजारी विहार, २७,६९८ दशलक्ष लिटरचा. हे दोघंच शहराच्या हद्दीत, या जंगलात आहेत. बाकीचे पाच दूर ठाणे-नाशिककडे. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारात उतरतं, विहार भरला की मिठी नदीत. बाबांना हे सगळं पाठ. आम्ही मात्र त्यांच्याबरोबर पार्कात जायला लागलो तेव्हाच ते समजायला लागलं.

आमचा नेहमीचा बेत साधा आहे. सकाळी लवकर फाटकातून आत, बसनं वर कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपर्यंत, दोन-अडीच तास लेण्यांत आणि कातळावर, आणि मग डांबरी रस्त्यानं सावलीसावलीतून पायी खाली. रस्ता सहाएक किलोमीटरचा, उताराचा. गुडघेवाल्यांना उतार त्रासाचा असतो म्हणतात, पण हा इतका हलका आहे की बाबांची काठी बहुतेक वेळ भाच्याच्या हातात असते. पावसाळा सरताना, भाद्रपदाच्या शेवटाला किंवा आश्विनात गेलं तर उत्तम. भर पावसात मुलांना नेऊ नये. कातळावर शेवाळ असतं, ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं, आणि धबधब्याखाली जायला बंदी असते ती उगाच नाही.

लेण्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे चैत्यगृह, व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्ती, अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर यांवरून मी पुढे सरकते. मुलंही सरकतात. मूर्तीपुढे ती मिनिटभर थांबतात आणि मग बाहेर पळतात, कारण खरी गंमत बाहेर आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात, एका बाजूला, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. वरच्या उतारावर पाणी वळवून आणायला खोदलेल्या पन्हळी आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबा एका लेण्याच्या पायरीवर बसायच्याऐवजी त्या पन्हळीमागोमाग कातळ चढायला लागले आणि मी ओरडत मागे. वर पोचून म्हणाले, ‘‘हे बघ, इकडचं पाणी त्या टाक्यात, तिकडचं त्या. एक थेंब वाया नाही. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर एवढं तरी आहे का?’’

नाही. सोसायटीच्या गच्चीवर पाऊसपाणी साठवण्याची टाकी कागदावर आहे.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरुवात झाली आणि पुढं हजारेक वर्षं इथं वस्ती राहिली. हा डोंगर पावसाळ्यात भिजून चिंब आणि चैत्र-वैशाखात कोरडा ठणठणीत. इतकी माणसं इथं वर्षभर राहू शकली ती या टाक्यांच्या जिवावर. लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत दानं नोंदलेली आहेत, आणि त्यांत कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. ट्रेकर ज्याला टाकं म्हणतात तीच पोढी. सोनाराला चैत्याचा एखादा खांब देता आला असता, एखादी मूर्ती देता आली असती. त्यानं टाकं दिलं. बाबांना हे कळलं तेव्हापासून तो सोनार त्यांच्या खात्यातला झाला आहे. त्याच्याविषयी ते निवृत्त सहकाऱ्याविषयी बोलावं तसं बोलतात.

मुलांचं टाक्याशी नातं वेगळं. ती काठावर पालथी पडतात (मी मागून फ्रॉक धरून) आणि आत बघतात. पाण्यावर अंग सोडून देऊन तरंगणारे बेडूक असतात. सावली पडली की पाण्यावरूनच टणाटण उड्या मारत पलीकडे. काठाच्या गवतावर चतुर बसतात, त्यांच्याहून नाजूक टाचण्या बसतात. चतुर पंख पसरून बसतो आणि टाचणी बहुतेकदा मिटून, हा फरक थोरल्यानं स्वतः शोधून काढला आणि दिवसभर जो भेटेल त्याला सांगितला. धाकटीचा प्रश्न वेगळाच होता. या बेडकांना इथं कुणी आणून सोडलं? आजोबा म्हणाले, कुणी नाही, पाणी असलं की येतात. तिला ते पटलं नाही. आमच्या बादलीत का नाही येत मग?

खायचं पिशवीत न्यायचं नाही, हा कान्हेरीचा पहिला नियम. माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात आणि सरळ हातातून ओढतात. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, आणि काकडी मात्र तिथंच घेतो. रस्त्याच्या कडेला पाड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. मोसम बघून माल: उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, ताडगोळे, पावसानंतर काकड्या. उभी चिरून, आत तिखटमीठ भरून देतात. चालून आलेल्या मुलाला त्या काकडीपुढं कुठलंही बाटलीबंद पेय फिकं.

उतरतानाचा रस्ता हा खरा चालण्याचा भाग, आणि इथं वेगाचा नाद सोडून द्यावा लागतो. रस्त्याच्या कडेला पावसानंतर तेरडा फुललेला असतो. गौरींत आपण तो घरी आणतो, पण त्याच्या शेंगांचा खेळ शहरात कुणी दाखवत नाही. पिकलेली शेंग बोटांत हलकेच दाबली की फट्कन फुटते, साली गुंडाळल्या जातात आणि बिया चौफेर उडतात. आमच्या पोरांना हे कळल्यावर अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. मागून येणारी दुसरी मुलं थांबली, त्यांचे आईबाप थांबले, एक काका तर सायकल लावून शेंगा शोधायला लागले. अशा वेळी ‘चला, चला’ म्हणणारा पालक मला कळत नाही. चलायचं कुठं आहे? खाली फाटकच तर आहे.

झाडं मोठी देखणी आहेत, पण मुलांना झाडाचं नाव सांगून उपयोग नसतो, झाडाचं काम सांगावं लागतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खवल्यांची. हात लावून बघितली की ती कायमची लक्षात राहते. आणि ऐन आपल्या खोडात पाणी साठवतो, हे सांगितलं की आजोबांसकट सगळे थांबून खोडाला कान लावतात. ऐकू काहीच येत नाही. तरी लावतात. कांडोळ पांढराफटक, पानं झडल्यावर तर भुतासारखा. कुसुमला फाल्गुनाच्या आसपास लाल पालवी फुटते आणि लांबून बघणाऱ्याला ती फुलंच वाटतात. कारवीची झुडपं उतारावर दाट माजलेली असतात. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि बी धरून मरते. इथं ती २०१६ साली फुलली होती. त्या वेळी आमची धाकटी जन्मलेली नव्हती. पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या.

आणि कोळी. पावसाळ्यानंतर दोन झाडांच्या मध्ये मोठमोठी जाळी लागतात, उन्हात सोनेरी दिसणारी. मधोमध मोठी थोरली मादी, आणि नीट बघितलं तर त्याच जाळ्याच्या कडेला तिचा इवलासा नर, जेमतेम तिच्या डोक्याएवढा, जपून बसलेला. हे बघून धाकटी फार खूश झाली. का, ते तिनं सांगितलं नाही.

बिबट्याविषयी सगळे विचारतात. आहेत, आणि बऱ्यापैकी संख्येनं आहेत. दिवसा गर्दीच्या रस्त्यावर दिसण्याची शक्यता फार थोडी. आम्ही नियम पाळतो: मुलं मोठ्यांच्या मध्ये, कुणी एकट्यानं झाडीत जायचं नाही, दुपार कलायच्या आत फाटकाबाहेर. भीती न घालता एवढं सांगता येतं. जंगलातल्या आणि भोवतालच्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजतात, आणि वाघोबात वाघही आला आणि बिबट्याही. आपल्याला घाबरून राहायचं किंवा मारायचं एवढे दोनच मार्ग सुचतात. देव मानून, हद्द पाळून, शेजारी राहायचं हा तिसरा त्यांना फार आधीपासून ठाऊक आहे.

उतरताना एका पुलावर बाबा हमखास थांबतात. खालून ओढा जात असतो. दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या मुंबईच्या चारही नद्या याच डोंगरांतून निघतात. पुढे शहरात गेल्यावर त्यांचं काय होतं ते रेल्वेच्या खिडकीतून सगळ्यांनी बघितलेलं आहे, नाकाला रुमाल लावून. इथं मात्र दहिसर नदीच्या तळाचे गोटे दिसतात. थोरला एकदा म्हणाला, ‘‘ही ती नव्हे.’’ त्याला समजावणं मला जमलं नाही. बाबा म्हणाले, ‘‘तीच आहे. इथं तिच्या अंगावर कुणी राहत नाही, एवढाच फरक.’’

त्याच पुलावर एकदा मी विचारलं होतं की चहूबाजूंनी एवढं शहर वाढलं, मग हे जंगल शिल्लक कसं राहिलं? माझी समजूत अशी होती की कुणीतरी निसर्गप्रेमी सरकारी अधिकारी असतील, प्राण्यांसाठी राखलं असेल. बाबांनी तलावाकडं बोट केलं.

१८५०च्या दशकापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं आता बसच्या पाट्यांवर उरली आहेत; ती खरीच तळी होती. शहर फुगत गेलं आणि पाणी पुरेना. टंचाईच्या दिवसांत आगगाडीनं आणि होड्यांनी पाणी आणायची वेळ आली. मग हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेवरून १८५६ साली विहारचं काम सुरू झालं आणि १८६० साली शहरात पहिल्यांदा नळानं पाणी आलं. १८७९ साली तुळशी झाला. पिण्याच्या पाण्याचा तलाव म्हटला की त्याच्या पाणलोटात शेती नको, गुरं नकोत, वस्ती नको, माती धुपायला नको. म्हणून भोवतालचा डोंगर ताब्यात घेतला आणि मोकळा ठेवला. जंगल हवं म्हणून कुणी हे केलं नाही. पाणी स्वच्छ हवं म्हणून झाडं राहिली, झाडं राहिली म्हणून चितळ आणि भेकर राहिले, आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या. राष्ट्रीय उद्यानाची पाटी पुष्कळ नंतरची.

पुढचा हिशेब बाबांनी कागदाशिवाय सांगितला. सातही तलावांत मिळून साठतात १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांत विहार आणि तुळशी दोघांचे मिळून होतात ३५,७४४. म्हणजे जेमतेम अडीच टक्के. ‘‘उद्या हे दोन तलाव नसले तरी शहराची तहान मोठीशी वाढणार नाही,’’ ते म्हणाले. हे ऐकून मला जरा धसका बसला, कारण जंगलाचा मूळ पहारेकरीच आता फारसा कामाचा उरलेला नाही असा त्याचा अर्थ. पण मला वाटतं, हिशेब तिथं संपत नाही. आता तलाव आहेत म्हणून तिथून रस्ता काढायचं, तिथं मनोरे उभारायचं बोलणं अवघड होतं. पिण्याचं पाणी म्हटलं की या शहरात अजूनही लोक थबकतात. नुसतं जंगल म्हटलं असतं तर किती थबकले असते कोण जाणे. दीडशे वर्षांपूर्वी तलावासाठी झाडं राखली. आज तलावाच्या नावावर झाडं तगली आहेत. अडीच टक्क्यांत हे काम स्वस्त पडतं.

या सगळ्याची किंमत कुणी मोजली तेही सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट फार गुळगुळीत होते. पाणलोट मोकळा ठेवला म्हणजे तिथल्या माणसांना हलवलं किंवा बांधून घातलं. पुढे उद्यान झाल्यावर आतल्या पाड्यांचं राहणंच कायद्याच्या कचाट्यात आलं. अनेक पाड्यांवर वर्षानुवर्षं नळ पोचला नाही, वीज पोचली नाही. ज्या डोंगरातून मुंबईला पहिला नळ गेला त्याच डोंगरात बायका डोक्यावर हंडे वाहत राहिल्या. एकदा काकडीवाल्या मावशींनी बाबांना विचारलं, ‘‘काका, तुमी पाण्यात होते का कामाला?’’ बाबा हो म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग आमच्याकडची चावी कोनाकडं हाय?’’ बाबांनी खूप वेळ समजावून सांगितलं, कुठलं खातं, कुठली हद्द, वनखात्याची परवानगी. बाई ऐकत होत्या आणि काकड्या चिरत होत्या. पैसे देताना त्यांनी सुटे परत दिले नाहीत, आणि बाबांनी मागितले नाहीत.

ज्यांना डांबरी रस्ता नकोच असेल त्यांच्यासाठी शिलोंड्याची वाट आहे. तिला आगाऊ परवानगी आणि उद्यानाचा वाटाड्या लागतो. मनाला येईल तेव्हा घुसता येत नाही, आणि ते बरंच आहे. थंडीत सकाळी जावं. वाट बरीचशी सपाट, ओढ्याच्या कडेकडेनं, दगडांवरून दोन-चार वेळा ओढा ओलांडत जाणारी. मुलांना पाय भिजवायला मिळतात, आईबापांना दम लागत नाही. ओल्या चिखलावर फुलपाखरं थव्यानं बसून क्षार शोषत असतात. जाणकार त्याला चिखलपान म्हणतात. निळा-काळा मोठा ब्लू मॉर्मन तिथं दिसला तर मुलांना जरूर सांगा की हे आपल्या राज्याचं फुलपाखरू, २०१५ पासून. आमच्या वाटाड्यानं सांगितलं तेव्हा धाकटीनं त्याला विचारलं, ‘‘राज्याचं म्हणजे त्याला पगार मिळतो?’’ आजोबांना हा प्रश्न एकदम रास्त वाटला.

अशाच एका परतीच्या वाटेवर, बूट काढून दगडावर बसलेली असताना, तिनं दुसरा प्रश्न टाकला. आपल्या घरी नळाला येतं ते पाणी इथलंच ना? इतकं सगळं बघितल्यावर उत्तर ‘हो’ असावं अशी माझी फार इच्छा होती. पण बाबा पाण्याच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. आपल्याकडचं पाणी भातसा-वैतरणेकडचं, भांडुपला शुद्ध होऊन येणारं, असं त्यांनी सांगितलं. मुलगी नाराज झाली. मग आपण इथं कशाला आलो?

‘‘मग तानसा बघायला जाऊ,’’ बाबा म्हणाले. ‘‘१८९२ चं धरण आहे. भोवती अभयारण्य आहे. पाइपलाइन तिथूनच निघते, तिच्याकडेकडेनं चालता येईल.’’

मी म्हटलं, तिकडं जायचं कसं, दोन मुलं आणि तुमचा गुडघा घेऊन? आटगावला उतरायचं, पुढचं पुढं बघू, असं त्यांचं उत्तर. थोरल्यानं सॅकची चेन तपासली आणि विचारलं, तिथं माकडं आहेत का.